तुम्ही काय जाळलं, सर?

बोरसे सर गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. सकाळची सव्वासातची वेळ, चहा गॅसवर ठेवलेला, आणि विभागाच्या ग्रुपवर प्राचार्यांचा संदेश आला: 'आपल्या संस्थेचे ज्येष्ठ संशोधक प्रा. डॉ. यू. झेड. बोरसे सर यांचे धुळे येथे अल्पशा आजाराने निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली लुकलुकणारी पणती. तिच्याखाली एकामागून एक जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली. चहा उतू गेला तरी मी बघत उभी राहिले... अल्पशा आजाराने! बोरसे सर आजारी नव्हतेच. आदल्या संध्याकाळी देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत त्यांनी बारावीच्या प्रयोगवह्या तपासल्या होत्या. पहाटे छातीत कळ आली आणि घरमालक रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आणि 'यू. झेड.' तर ते आयुष्यात एक दिवससुद्धा नव्हते. ते उखर्डू होते, उखर्डू झिपरू बोरसे. ज्या माणसांनी त्यांना जिवंतपणी नावानं हाक मारायची लाज बाळगली, त्यांनी मेल्यावरही ती लाज सोडली नाही.

त्या नावाचीही एक गोष्ट आहे. दोन मुलं दगावल्यावर झालेलं हे तिसरं पोर. त्याच्यावर यमाची नजर जाऊ नये म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव ठेवलं उखर्डू. आमच्या खानदेशात एके काळी गल्लोगल्ली अशी नावं होती. पुढे पोरं शिकली, नोकरीला लागली आणि गॅझेटमध्ये जाहिरात देऊन कुणी उमेश झालं, कुणी उदय. बोरसे सरांनी दारावरच्या पाटीवर पूर्ण नाव लिहून घेतलं. संस्थेच्या अध्यक्षांनी एकदा सुचवलं, "सर, नुसतं यू. झेड. लिहा ना. बाहेरचे पाहुणे येतात." सर हसून म्हणाले, "मायनं नाव ठेवताना पाहुण्यांना विचारलं नव्हतं, साहेब." अध्यक्षही हसले. पण असली हसणी आमच्याकडे लक्षात ठेवली जातात.

जळगावच्या कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना मी त्यांच्यासोबत बावीस वर्षं काढली. ते विभागप्रमुख, मी त्यांच्यानंतरची. वयानं मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'अक्का' म्हटलं आणि मी ते मुकाट्यानं मान्य केलं. बाहेरगावी पीएच.डी. करताना त्यांनी महागडे धातू आणि जहरी द्रावणं वापरून काम केलं होतं. त्यात डोळे खराब झाले आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची कातडी कायमची गेली. परत आल्यावर त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला, "जे मोरीत ओतता येत नाही, ते मी वापरणार नाही." त्यांचं सगळं संशोधन या एका वाक्यात होतं. परदेशात याला हरित रसायनशास्त्र म्हणतात. आमच्या कॉलेजात 'हरित' हा शब्द ऐकून त्यांना दरवर्षी वृक्षारोपण समितीचं अध्यक्ष केलं गेलं. ते खड्डे खणून, रोपं लावून, फोटोसाठी उभं राहून परत प्रयोगशाळेत यायचे आणि हात धुताना म्हणायचे, "चला, झालं वर्षभराचं हरित."

उत्प्रेरक म्हणजे काय, हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना लग्न जुळवणाऱ्या मावशीच्या उदाहरणानं सांगत. दोन घरं एकमेकांकडे बघायला तयार नसतात. मावशी येते, इकडचं तिकडे करते, लग्न लावून देते, जेवते आणि जशी आली तशी आपल्या घरी जाते. दोन रेणू जोडून देणारी अशी मावशी त्यांना स्वस्त हवी होती, बिनविषारी हवी होती आणि इथली हवी होती. ती त्यांना आठवणीत सापडली. साक्रीकडच्या त्यांच्या गावी आई केळीच्या राखेच्या पाण्यात गोधड्या धुवायची. लहानपणी त्यांनी साबणाचा हट्ट धरला, तेव्हा ती म्हणाली होती, "राखनं पानी शे म्हणीसन काय व्हयनं? साबनले भारी पडस." ती राख त्यांनी तीस वर्षांनी प्रयोगशाळेत आणली. औषधं बनवताना लागणारी एक जोडणी, जिला एरवी महागडा धातू आणि चोवीस तास उष्णता लागते, ती राखेच्या निवळीत, साध्या पाण्यात, पंख्याखाली ठेवलेल्या चंचुपात्रात होऊ लागली. पण कधी व्हायची, कधी नाही. एका बरणीतली राख गुण देई, दुसरीतली रुसून बसे. तीन वर्षं ते त्यापायी डोकं धरून बसले होते.

आमचं वावर रावेर तालुक्यात. घड उतरवला की केळीची खोडं बांधावर पडून राहतात. त्यांचं करायचं काय, हा शेतकऱ्याला प्रश्नच. मी सरांना आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे घेऊन गेले, आणि तिथं त्यांना मंजुळाबाई भेटली. केळी कापणीच्या टोळीत काम करणारी, पन्नाशीची, काटक बाई. गावातल्या बायका उन्हाळ्यात पापडाच्या पिठासाठी तिच्याकडून राखेचं पाणी नेत. पापड फुलायचा तर मंजुळीच्याच राखेनं, असा लौकिक होता. ती वाळलेली खोडं ढिगानं रचायची, वरून ओल्या सोपटांनी, म्हणजे खोडाच्या सालींनी, झाकायची आणि दोन दिवस आतल्या आत धुमसू द्यायची. मग वारा पडला की एकेका बाजूनं थोडं थोडं उघडायची. शेवटी जी राख निघे ती तांदळाच्या पिठासारखी पांढरी. सर तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि विचारत राहिले. ती म्हणाली, "सर, राखीले घाई नई चालत. एकदम वारा देला का ती भडकते, अन मंग काळी पडते. तिले झाकून ठेवा लागते." घरी परतताना गाडीत सर नशिराबाद येईपर्यंत वहीत काहीतरी लिहीत होते. मग म्हणाले, "अक्का, आपण तीन वर्षं राख तपासत होतो. जाळणाऱ्याकडे बघितलंच नाही."

तेव्हापासून त्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या आल्या. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, त्यांवर मराठीत, तिरप्या अक्षरात तीन गोष्टी: कुणाचं वावर, केळीचा कोणता भाग, आणि जाळणारं कोण. मंजुळाबाईच्या राखेनं एकदाही दगा दिला नाही. एकदा मीही हट्टानं आमच्या बांधावर ढीग लावला. माझ्याच्यानं काही दोन दिवस धीर निघेना. संध्याकाळीच झाकण काढलं, भडका उडाला, आणि जे हाती लागलं ते कोळशासारखं काळं. सरांनी ते निगुतीनं बरणीत भरलं, चिठ्ठी लिहिली आणि बरणी कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवून दिली. काय लिहिलं ते दाखवलं नाही. "काळी राख करणाऱ्याला शोधनिबंधात जागा नाही, अक्का," एवढंच म्हणाले आणि दिवसभर मला चिडवत राहिले.

शोधनिबंध लिहून झाला तेव्हा त्यावर तीन नावं होती: बोरसे सर, त्यांची विद्यार्थिनी आणि मंजुळाबाई. आभाराच्या ओळीत तिला टाकलेलं नव्हतं. वर, लेखकांच्या रांगेत होती ती. मीसुद्धा म्हटलं, "सर, आभारात टाका की. लोक हसतील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पद्धत कुणाची आहे? तिची. आपण ती मोजून पाहिली. मोजणाऱ्याचं नाव वर आणि करणाऱ्याचं खाली... हे मला जमणार नाही." हे कॉलेजभर पसरायला वेळ लागला नाही. आमचे प्राचार्य अध्यक्षांचे जावई आहेत. त्यांची आणि रसायनशास्त्राची शेवटची भेट बारावीत झाली असावी. त्यांनी सरांना चहाला बोलावलं. मीही होते. आधी संस्थेचा लौकिक झाला, मग येणारी मूल्यांकन समिती, मग हल्ली सामूहिक संशोधनाला किती महत्त्व आलं आहे ते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हणाले, "नाव शेवटी टाका, पण माझं टाका. केळी कापणारी बाई चालते, तर संस्थेचा प्राचार्य का नको?" बोरसे सरांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही काय जाळलं, सर?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, हे मी आज शपथेवर सांगते. तो त्यांचा खरा प्रश्न होता, सगळ्यांना विचारायचा. पण खोलीत शिपाई होता, मी होते, आणि प्राचार्यांचे कान लाल झाले होते. पंधरा दिवसांत बदलीचा आदेश आला. 'प्रशासकीय कारणास्तव' धुळ्याच्या शाखेत, जिथं अकरावी-बारावीपलीकडे रसायनशास्त्र नाही, जिथं प्रयोगशाळेतले निम्मे नळ कोरडे आहेत. ज्या माणसाचे निबंध परदेशातले लोक वाचत होते, तो माणूस बारावीच्या मुलांकडून क्षार ओळखून घेऊ लागला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघा," प्राचार्य शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, आणि आम्ही सगळे, वीस-वीस वर्षांची नोकरी झालेली माणसं, मूग गिळून बसलो. मीसुद्धा. राग लिहायला बसलेच आहे तर यादीत पहिलं नाव माझंच घालते.

कारण खरी गोष्ट पुढे आहे. परदेशी नियतकालिकानं निबंधातलं विज्ञान मान्य केलं. फक्त एक विचारलं: या तिसऱ्या लेखिका कुठल्याच संस्थेत नाहीत, त्यांनी नेमकं काय केलं, याचं विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र पाठवा. विभागप्रमुख आता मी होते. सरांनी पत्र लिहून आणलं. पाऊण पानाचं, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं. मला फक्त सही करायची होती. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मॅडम, धुळ्याला अजून एक जागा रिकामी आहे बरं का." मी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि सरांना सांगितलं, जरा वातावरण निवळू द्या. चौदा महिने ते पत्र त्या खणात होतं.

चौदा महिने दर रविवारी हा माणूस धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत एसटीनं जळगावला यायचा, विद्यार्थिनीचं काम बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. पत्नी आधीच गेलेली, मुलगी पुण्यात. जळगावचं बंद घर उघडून बघायलाही ते जात नसत, थेट प्रयोगशाळेत. त्यांनी पत्राचा विषय एकदाही काढला नाही. फक्त जाताना दारात थांबून विचारायचे, "अक्का, पेन सापडला का?" मी हसायचे. तेही हसायचे. मी त्याला आमची थट्टा समजत राहिले... समजत राहिले म्हणजे काय, तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. शेवटचं भेटलो ते त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारी, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर. ते वाळले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता. मी पुन्हा तेच म्हटलं, थोडं निवळू द्या. कपातल्या चहाकडे बघत ते म्हणाले, "राखेचं पाणी निवळतं, अक्का. माणसं नाही निवळत. ती नुसती तळाला बसतात." मग बस लागली आणि ते गेले. एवढं कडवट ते माझ्याशी बावीस वर्षांत बोलले नव्हते.

शोकसभा आठवड्यानं झाली. व्यासपीठामागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर हार घातलेले डॉ. यू. झेड. बोरसे आणि कोपऱ्यात हात जोडलेले अध्यक्ष नि प्राचार्य, दिवंगताच्या फोटोपेक्षा किंचितच लहान. प्राचार्य माइकपुढे आले. ज्या प्रयोगशाळेतून माणसाला हाकललं, तिला त्याचंच नाव देण्याची घोषणा झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि या घोड्यावर बसायलाही तेच पुढे. मग ते म्हणाले, सरांचा अखेरचा शोधनिबंध संस्था 'सामूहिक श्रेय' म्हणून प्रसिद्ध करील. सामूहिक म्हणजे कोण, ते सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. त्यानंतर मला बोलायला उभं केलं. आणि मी काय बोलले? मितभाषी, ऋषितुल्य, निगर्वी. बोरसे सर मितभाषी? तासन्‌तास बोलायचा तो माणूस, राखेबद्दल, आईबद्दल, एसटीच्या कंडक्टरांबद्दल! टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना डोलावल्या. मी जागेवर येऊन बसले. तोंडात राख गेल्यासारखं कोरडं झालं होतं.

मंजुळाबाई सभागृहाच्या दाराशी, जमिनीवर बसली होती. रावेरहून एकटी बसनं आली होती. झाडायला आलेली बाई समजून शिपाई तिला "सभा झाल्यावर ये" म्हणत होता. मी बाहेर आले तशी ती उठली आणि पिशवीतून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. अजून जरा कोमटच होतं, की मला तसं वाटलं. "सरांनी सांगतलं होतं, पावसाच्या आंधी द्यायची म्हनून. जाळली. आता कोनाले देऊ, ताई?" मी म्हटलं, मला दे. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी संभाळसान?" तिला नियतकालिकाचं, पत्राचं, खणाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती राखेबद्दल विचारत होती. पण मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. मी मान हलवली आणि ते गाठोडं घेऊन सरळ वर प्रयोगशाळेत गेले.

कपाट उघडून मागच्या रांगेत जागा करताना माझी बरणी हाताला लागली. सहा वर्षांपूर्वीची. चिठ्ठीवर तीच तिरपी अक्षरं: 'आबांचं वावर. केळीचं खोड. जाळणारी: अक्का. घाई केली, वारा लवकर दिला. राख काळी. टाकू नये. पुन्हा भाजली की पांढरी होते.' उभ्या जागी मला या माणसाचा भयंकर राग आला. असलं काही लिहून ठेवायचा त्यांना काय अधिकार होता? शिवी लिहिली असती तर मी ती गिळली असती. भांडले असते, माझ्या दारात येऊन ओरडले असते, चारचौघांत माझं नाव घेतलं असतं, तर निदान आज आम्ही समान पातळीवर असतो. ते दर रविवारी पेन सापडला का विचारत राहिले... बरणी हातात घेऊनच मी खाली माझ्या टेबलाशी आले, खण उघडला, चौदा महिन्यांत पिवळं न पडलेलं ते पत्र काढलं आणि उभ्यानंच सही केली. पेन खणातच होता, पत्रावरच ठेवलेला. एक मिनिटही लागलं नाही.

पत्र त्याच दुपारी गेलं. निबंध तीन नावांनी छापून येणार आहे, तिसरं नाव मंजुळाबाईचं, पत्ता रावेर तालुका. मला खुलासा मागणारी नोटीस मिळाली आहे. धुळ्याची ती रिकामी जागा बहुधा भरली जाईल, आणि मी एरंडोल, पारोळा करत जाईन. जाईन की. हा लेख प्राचार्य वाचतीलच. त्यांना यात त्यांचं नाव सापडणार नाही. त्यांनी काहीच जाळलेलं नाही.

मंजुळाबाईचं गाठोडं मी लोणच्याच्या नव्या बरणीत भरलं आणि सरांच्या रीतीनं चिठ्ठी लावली: कुणाचं वावर, केळीचं खोड, जाळणारी मंजुळाबाई, राख पांढरी. अक्षर काही त्यांच्यासारखं तिरपं आलं नाही. माझी बरणी तिच्या शेजारी ठेवली आहे. खालच्या खोलीत भट्टी आहे, सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत काम होईल. रोज सकाळी मी कपाट उघडते आणि बघते. अजून काळीच आहे.